टाचेतला काटा काढिल्याची हकीकत

फौज न निघता, तोफ न डागता, राहत्या घरच्या दिवाणखान्यात जे घोर युद्ध जाहले, त्याचा मजकूर येणेप्रमाणे.

आमदारबाईंनी कायदेमंडळी मसुदा मांडिला की, जिवावरचे संकट नसता बालकाच्या देहास त्याच्या मर्जीविना सुई, सुरी, चिमटा कोणी लावू नये. आणि बाईंचा बोलबाला थोर जाहला, आणि मग विरोधकांनी खोचक सवाल टाकिला की, मूल नाहीच म्हणाले तर कसे? उदईक समितीपुढे जबाब न दिल्यास मसुदा गारद, ऐसा पेच पडला.

त्याच सायंकाळी धाकटी कन्या चिमी अंगणातून लंगडत आली. टाचेत काटा शिरोन टाच लालबुंद जाहली होती. मग सासूबाईसाहेबांनी सुई गॅसवर तापवून कंबर कसली, आणि यजमानांस फर्मान सोडिले की पाय दाबोन धरावे, आणि यजमान हुकमाचे बंदे, बाह्या सारून सिद्ध जाहले. तोच चिमीने सोफ्यामागे मोर्चा धरून आरोळी ठोकिली, "मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही! आईनंच कायदा केलाय!"

"अजून व्हायचाय," यजमान पुटपुटले.

बाईंची बिकट कोंडी जाहली. मसुदा राखावा तर टाच चिघळते, टाच राखावी तर मसुदा घरातच बुडतो. तेव्हा बाईंनी मोहीम तहकूब करवून तहाची बोलणी लाविली, आणि आइस्क्रीमचे आमिष दाखविले, आणि ते फेटाळले गेले, आणि मग शर्त आली की, सुई आधी आईच्या बोटास लागावी.

बाईंनी बोट पुढे केले मात्र, आणि सभागृह दणाणून सोडणारी ती खाशी स्वारी सुई पाहताच पांढरीफटक पडोन मटकन खाली बसली.

"लहानपणी मला चौघं धरून टोचायचे गं," बाई कशाबशा बोलल्या.

सासूबाईंचा हात थबकला. आणि मग चिमी आपण होऊन मोर्चा सोडून आली, आणि आईचा हात घट्ट धरून पाय पुढे केला.

"आई, तू तिकडं बघ. आजी, काढ. पण हळू हं."

दुसरे दिवशी समितीने तोच सवाल केला, आणि बाईंनी जबाब दिला की, मूल नाही म्हणाले तर थांबावे, आणि आधी मोठ्यांनी आपली भीती त्यास सांगावी. समितीने जबाब टिपोन घेतला, आणि मसुदा पुढे सरकला.

सबब काटा हस्तगत, टाच शाबूत, फत्ते चिमीची; जायबंदी एकल्या आमदारबाई, ऐसे दप्तरी नमूद केले असे.