वाळूपेटीची किल्ली

फोन वाजला तेव्हा काका मटार सोलत होते. रंगाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून ज्यांच्या नुसत्या खोकल्याने लोक सिगारेटी विझवायचे, त्यांच्याकडे निवृत्तीनंतर एवढंच खातं उरलं होतं. त्यातही काकू सोललेल्या शेंगा परत तपासायच्या.

"काका, घोळ झालाय," पलीकडे कारखान्याचा सध्याचा सुरक्षा अधिकारी होता. "फोर्कलिफ्टने थिनरच्या पिंपाला भोक पाडलं. गोदामभर वाहतंय."

"मग मला काय सांगतोस? भिंतीवरच्या तक्त्यात आपत्कालीन प्रमुख म्हणून ज्याचं नाव आहे त्याला सांग."

"तुमचंच आहे अजून. बदलायला तीन सह्या लागतात, दोन मिळाल्यात. तुमच्या हुकुमाशिवाय इथे कुणी हलायला तयार नाही."

चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी काकांकडे हुकूम मागत होतं. ते आपोआप उठून उभे राहिले. "ऐक. कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. बंद करायलासुद्धा नाही. दोघांनी पिंप फिरवून भोक वरच्या बाजूला आणायचं, बाकी सगळे बाहेर. अग्निशमन दलाला फोन केला?"

"साहेबांना विचारायचंय. ते मीटिंगमध्ये आहेत."

"साहेबांना राहू दे तिथेच. आधी फोन कर."

"करतो. आणि काका, वाळूपेटीला कुलूप आहे. फोडू का?"

इथे मात्र काकांचा हुकूम अडला. पेटीत वाळू नव्हतीच. ती चार वर्षं काकांच्या न्हाणीघराच्या फरशीखाली होती. निवृत्तीच्या आठवड्यात गवंड्याला दोन पोती वाळू कमी पडली. 'उद्या आणून टाकू' असं स्वतःलाच सांगून काकांनी पेटीतली नेली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. तो उद्या काही उगवला नाही. इकडे भिंतीवर मात्र 'निष्कलंक सेवेबद्दल' असं कोरलेली निरोपाची ढाल लटकत होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काका ती जवळून दाखवायचे.

"कुलपाला हात लावशील तर याद राख," काका म्हणाले. "लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी उडते. गोदाम जाईल आणि तूही जाशील. मी किल्ली घेऊन येतोय."

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. चोराला नियम पाठ असले म्हणजे त्याची अशी सोय होते.

शेजाऱ्याचं बांधकाम चालू होतं आणि वाळूचा ढीग रस्त्यालाच होता. काका फावड्याने पोती भरायला लागले.

"आता स्वयंपाकघराची फरशी काढताय की काय?" काकू दारातून म्हणाल्या.

"अगं, तिकडे माणसं जळतील."

"मग आधी पायात चपला घाला."

गल्लीच्या टोकालाच कारखाना. गवंड्याची ढकलगाडी ढकलत काका पोहोचले तेव्हा सगळे फाटकापाशी शिस्तीत उभे होते. थिनर गोदामाच्या दारातून बाहेर आलं होतं. पुढे गटार, आणि गटारापलीकडे कँटीनची शेगडी चालू.

"ती शेगडी का नाही विझवली?"

"तसा हुकूम नव्हता," कँटीनवाला म्हणाला. "चहा ठेवलाय."

काकांनी आधी शेगडी बंद करवली. मग गटाराच्या तोंडाशी वाळूचा बांध घातला, उरलेली लाकडी फावड्याने पसरली. पाऊण तास त्यांना ना कंबर आठवली, ना ढाल. बंब आला, फेस मारला, आणि जवान म्हणाले, "निम्मं काम तुम्हीच केलंत."

आता कधीही साहेब येतील म्हणून काका हळूच पेटीपाशी गेले आणि कुलूप काढू लागले. अधिकारी शेजारी येऊन उभा राहिला.

"रिकामी आहे ना?" तो पुटपुटला. "पहिल्याच महिन्यात ठोकून पाहिली होती. पोकळ वाजली. म्हणून तर फोडायच्या आधी तुम्हाला विचारलं."

काकांनी कुलूप हातातच धरलं. "मग वहीत दर महिन्याला 'पेटी ठीक' का लिहीत होतास?"

"वर अठ्ठावीस वर्षं तुमच्या अक्षरात 'ठीक' आहे. त्याखाली मी एकट्यानेच 'ठीक नाही' कसं लिहिणार?"

एवढ्यात साहेब आले. त्यांनी जमिनीवरची वाळू पाहिली, रिकामी पेटी पाहिली, आणि त्यांचा ऊर भरून आला. "शेवटच्या कणापर्यंत वापरली. याला म्हणतात तयारी."

काकांना एकदम लाज वाटली. इतकी, की जीभ आपणहून सुटली. "साहेब, ती वाळू खरं म्हणजे..."

"विनय पुरे, काका. तक्त्यावर तुमचंच नाव राहू दे. तिसरी सही मी देतच नाही."

अधिकाऱ्याने वही उघडून लिहिलं: 'वाळूपेटी रिकामी.' त्या वहीतलं ते चार वर्षांतलं पहिलं खरं वाक्य. साहेबांनी चष्मा लावून ते वाचलं.

"हे काय? सोमवारी तपासणी आहे. 'ठीक' लिहा. वाळूची मंजुरी आली की बघू. तोवर कुलूप लावून ठेवा, आणि किल्ली काकांकडेच असू दे. जबाबदार माणूस आहे."

काका घरी आले आणि मटारासमोर बसले.

"शेजारी दोनदा येऊन गेला," काकू म्हणाल्या. "ढीग खचलाय म्हणतो. काय सांगू त्याला?"

काका उठले. ढालीशेजारच्या खिळ्याला त्यांनी किल्ली अडकवली.

"सांग, उद्या आणून टाकतो."