सोपानभाऊ आणि कोरे टायर

आळेफाट्याला टायर घ्यायला गेलात, तर सोपानभाऊ आधी तुम्हाला उकिडवं बसवतात आणि तुमच्याच जुन्या टायरला गाल लावायला सांगतात. गिऱ्हाईक कीर्तनकार असो नाहीतर फौजदार. "हाताला घट्टे असत्यात, हात फसतो. टायर जित्ता हाय का वाळलाय, ते गालाला कळतं." मी निरगुडसरच्या शाळेत शिक्षक. मीही भर चौकात, दोन एसट्या भरून लोकांच्या देखत गाल लावलेला आहे.

नवा टायर देताना त्याच्या अंगावरचे आकडे वाचून ते त्याचं वय सांगतात. घाई करणाऱ्याला सरळ वाटेला लावतात, "घाई असंल तर यष्टीनं जावा." स्वतः कधी हसत नाहीत. चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा विकास मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हापासून तर नाहीच. पोरगं सुसाट चालवायचं, असं सगळा फाटा म्हणतो.

चाळिशीत मी जुनी रेसची मोटारसायकल घेतली आणि ट्रॅकवर जायचं ठरवलं. तिथं एखादा दिवस आपल्यासारख्यांनाही शर्यतीच्या रस्त्यावर गाडी पळवू देतात. बायको म्हणाली, "या वयात लोक चष्मा घेतात." मला मात्र शर्यतवाले वापरतात तसलेच मऊ टायर हवे होते.

"त्यास्नी तापवाया कंबल गुंडाळत्यात, मास्तर," सोपानभाऊ म्हणाले. "तुमी काय गोधडी नेणार? मऊ टायर तापला तर धरतो, गार ऱ्हायला तर सोडून देतो. पयल्या दिशी तुमी भीत भीत चालवणार. तो तापणार कवा?"

माझी हौस तिथंच जिरली. त्यांनी रस्त्यावरचेच, पण चांगली पकड असलेले टायर घातले आणि बजावलं, "दीडशे किलोमीटर सावकाश. कोऱ्या टायरला रस्त्याची वळख नसती."

घरी आईनं नारळ फोडला, कुंकू लावलं. फोटोत गाडी उठून दिसावी म्हणून मी दोन्ही टायरांना काळं पॉलिश चोळलं, अगदी रस्त्याला टेकतो त्या भागालासुद्धा. मुलांना शिकवणाऱ्या माणसाची अक्कल ती एवढी. दुसऱ्या दिवशी तशीच सावकाश गाडी घेऊन हवा तपासायला फाट्यावर गेलो.

सोपानभाऊंनी टायरांकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

"कुनी चोळलं?"

"मीच. पूजेला बरं दिसावं म्हणून."

त्यांनी बादली भरली, साबणाची पावडर टाकली आणि ब्रश घेऊन खाली बसले. मला हात लावू देईनात. तासभर घासत होते. शेवटी मी गमतीनं म्हटलं, "भाऊ, नवरदेव करता काय त्याला?"

"आमच्या ईकासच्या गाडीला मीच चोळलं व्हतं," ब्रश न थांबवता ते म्हणाले. "टायर मीच घातलं. पूजा झाली. म्हणलं, पोराची पयली गाडी, चकाकली पायजे. काठाला लावायचं सोडून समदीकडं चोळलं. तसाच मामाला गाडी दाखवाया तळेघरला निघाला. घाटातल्या दुसऱ्या वळणाला..."

पाणी काळं झालं होतं. त्यांनी ते ओतलं, नवं भरलं.

"लोक म्हणत्यात, पोरगं सुसाट व्हतं. मी कुनाला न्हाई म्हणलं न्हाई. त्येच्या आईलाबी न्हाई. पोरगं हळूच चाललं व्हतं, मास्तर. पोलीस म्हणले व्हते, गाडी दोन नंबरच्या गेरात व्हती."

माझी थट्टा मलाच खायला उठली. किल्ली परत देताना ते एवढंच म्हणाले, "धुऊन समदं जात न्हाई. हळू चालवून घासून काढा."

मी दीडशेच्या जागी तीनशे किलोमीटर चालवली. मग ट्रॅकवर गेलो. दिवसभर माझ्यापुढं सगळे गेले आणि मी एकदाही पडलो नाही. परत येताना फाट्यावर थांबलो. सोपानभाऊ डबा खात होते. डबा घेऊन आलेल्या काकू, विकासची आई, शेजारीच बसल्या होत्या. मला हातीपायी धड पाहून त्यांना बरं वाटलं.

"तुमी हळू चालवता, ते ब्येस," काकू म्हणाल्या. "आमच्या ईकासला हळू ठाऊकच नव्हतं."

सोपानभाऊंचा घास हातातच राहिला. मी निघावं म्हणून उठलो, तर त्यांनी माझा दंड धरला.

"तो हळूच चालला व्हता," ते काकूंना म्हणाले. "टायरला पॉलिश मी चोळलं व्हतं. समदीकडं. म्हणून घसरला."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डब्यातली आमटी भाकरीवर ओतली आणि भाकरी त्यांच्यापुढं सरकवली.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवसाचा तुमचा सदरा मीच धुतला. बाह्या कोपरापतूर काळ्या व्हत्या. चार वरसं मनात म्हणतीया, आज सांगतील, उद्या सांगतील."