टेकाळे सरांचे टॅब

आमच्या लॅबमध्ये टॅब ‘हँग झाला’ असं म्हणायची सोय नाही. टेकाळे सर लगेच फटकारतात, “हँग कशाचा? इचार करायलाय त्यो. तुमी करता का कवा पेपरात?”

परभणीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रिकलची विभागप्रमुख. सर माझ्या हाताखाली, म्हणजे कागदोपत्री. मोटारींना टॅब जोडायचे आणि स्क्रीनवर बोट सरकवून वेग बदलायचा, ही कल्पना त्यांचीच. प्रत्येक टॅबला त्यांनी शिंप्याकडून खोळ शिवून घेतली. रविवारीही लॅब उघडून ते सगळे चार्जिंगला लावतात.

“सर, घरी कुणी वाट बघत असेल,” मी एकदा म्हटलं.

“एकटा माणूस, मॅडम. कोण वाट बघायलंय? हे तरी भुकेले हायती.”

टॅब बिघडू शकतो हे त्यांना मान्यच नाही. चूक नेहमी बोटाची. “बोट हाय का पहार? आस्ते, माय, आस्ते!”

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रॅक्टिकलची परीक्षा लागली. सोनपेठकडची रुक्मिण टॅबपुढे उभी राहिली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “वेग वाढवा.”

तिनं बोट सरकवलं. स्क्रीन ढिम्म. पुन्हा सरकवलं, तरी तेच. सुट्टीभर कापूस वेचून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, कातडी वाळून खरखरीत झाली होती. असं बोट स्क्रीनला कळत नाही. माझ्या हे लक्षात आलं, परीक्षकांच्या नाही.

“एवढंही जमत नाही? मार्क कशाचे देऊ?”

मागची पोरं माना उंचावून बघायला लागली. रुक्मिणीनं हात ओढणीत लपवले.

मी तोंड उघडणार, तोच सर पुढे झाले. “बघू.” त्यांनी बोट वाकवून स्क्रीनवर फिरवलं. काही नाही.

“टॅबच बिघडलाय, साहेब. पोरीची चूक न्हाई. जुन्या पॅनेलवर घ्या की परीक्षा.”

टेकाळे सरांच्या तोंडून हे ऐकून पोरं चाट पडली. परीक्षक कुरकुरत तयार झाले. रुक्मिणीनं पॅनेलचं चाक फिरवलं, मोटार घुमली आणि ती धडाधड रीडिंग सांगत सुटली. परीक्षकांनी मुकाट्यानं मार्क दिले.

मी सरांच्या शेजारीच होते, म्हणून मला दिसलं होतं. त्यांनी बोट टेकवलंच नव्हतं. नुसतं नख फिरवलं होतं, आणि नखाला स्क्रीन दाद देत नाही.

सगळे गेल्यावर मी त्याच टॅबवर बोट सरकवलं. वेगाचा काटा सरसर वर गेला.

“सर, हा तर ठणठणीत आहे.”

“हाय की,” टॅब खोळीत घालत ते म्हणाले. “पण त्याला लाज कुटं वाटती, मॅडम?”