रेवूबाईंचा निळा हात

विषय : रेवूबाई माकडीण यांच्या डाव्या हाताची पट्टी सैल करण्याबाबत.
संदर्भ : सदर बाईंचा अर्ज.

मुलांनो, हे प्रकरण एका जंगलात घडले. चुळबूळ न करता ऐका.

तिथला वैद्य अस्वल होता. त्याने नाडी पाहिली की रोग्याला आणखी एक जखम होई. शेवटी सिंहमहाराजांनी हुकूम काढला : दवाखान्यात कोणी कशाला हात लावायचा नाही. आणि परदेशातून यंत्र मागवले.

यंत्र खरोखर चांगले होते. ते दुरूनच अंगावर प्रकाश टाकी आणि परतलेल्या प्रकाशावरून रक्तातला प्राणवायू ओळखी. भरपूर असेल तिथे चित्र लाल, कमी असेल तिथे निळे.

हुकमाच्या आदल्याच दिवशी अस्वलाने रेवूबाईंच्या मोडलेल्या मनगटाला वेलीची पट्टी करकचून बांधली होती. बाई दाखवायला आल्या. यंत्र चालवणाऱ्या घुबडाने यंत्र लावले.

"वा! काय सुरेख निळा आलाय!"

"घुबडराव, बोटं बधिर झालीत हो. निळा म्हणजे काय?"

"रक्त पोचत नाही. पट्टी सैल केली नाही तर हात जाणार. यंत्र अचूक आहे हं!"

"मग सोडा की मेली ती पट्टी!"

"हात लावून? बाई, हा बिनस्पर्श विभाग आहे."

रेवूबाईंनी स्वतःच पट्टीला दात लावले. अस्वल खेकसले, "अहो, दात लावणं हासुद्धा स्पर्शच! रोग्यांच्या यादीतून नाव कमी करीन. मग ते हाड कोण बघणार? झाडावर बसा आणि अर्ज करा."

"एका हातानं चढू कशी? खाली बिबळ्या फिरतोय."

"तेही अर्जात लिहा."

दवाखाना एकच होता. बाईंनी अर्ज केला.

चित्र मात्र रोज निघत राहिले. शेजारच्या जंगलातून शिष्टमंडळे पाहायला आली. निळा रंग वर सरकलेला पाहून महाराज गहिवरले. म्हणाले, "आपली प्रगती कोपरापर्यंत पोचली!"

तात्पर्य : रोग वेळेवर ओळखणे फार महत्त्वाचे आहे. वेळेवर ओळखला, की अर्ज वेळेवर करता येतो.

सद्यःस्थिती : नियमाप्रमाणे अर्जावर डाव्या हाताचा अंगठा लागतो. अर्जदार बाईंचा अंगठा सुजल्यामुळे ठसा स्पष्ट उमटलेला नाही. सबब अर्ज प्रलंबित आहे.