कसबे सरांच्या खुर्च्या

दोन हजार तेवीस साल. माझं वय एकाहत्तर. त्या वयात एका माणसानं मला खुर्चीवरून उठवलं, सुनंला तिथं बसवलं आन् सुनंच्या जागी मला उभं केलं.

त्या माणसाचं नाव कसबे सर. कळंबात एका बंद दवाखान्याच्या मागच्या खोलीत घरातल्या लोकांची भांडणं सोडवत्यात. त्याला समुपदेशन म्हणायचं. हा शब्द मला तिसऱ्या खेपेला जमला. मी चौथी शिकलेला. पण येरमाळ्यात हायवेला हाटेल म्या काढलं, चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलो आन् कुणापुढं मान खाली घातली न्हाय.

मग एक दिवस माझ्या पोरानं, दत्तानं, माझी खुर्ची गल्ल्यावरनं उचलून बाहेर लिंबाखाली ठेवली. म्हणला, आता आराम करा. तवापासून अकरा महिने आमचं बोलणं बंद. निरोप न्यायला सून, सुरेखा. सूनबाई, त्याला सांग दूध संपलंय. आन् तो तिथंच चार हातावर उभा. शेवटी ती कंटाळली. म्हणली, सरांकडं चार बैठका करा, तरीबी बोलला न्हाईत तर मी लेकराला घेऊन माहेरी जाते, सोनारीला. परत येणार न्हाय.

सरांच्या खोलीत टेबल न्हाय. पाच खुर्च्या, त्यातल्या एकीचा हात मोडका. कोण कुणाशेजारी बसलं ते डोळे बारीक करून बघणार, मग सगळ्यांना उठवणार. तुम्ही इथं या, तुम्ही तिथं जा. गाडीत माल भरताना हमाल पोती हलवतो तसं. बोलताना कुणी त्यांच्याकडं बघितलं की तोंड खिडकीकडं. "मी इथं न्हाय. त्यांच्याशी बोला." कुणाचं चुकलं विचारलं की "ते कोर्टाचं काम."

आन् प्रश्न तरी कसा? माझ्याबद्दलचा मला न्हाय विचारायचा, सुनंला विचारायचा. सासरे रुसले की नवरा काय करतो? ती म्हणली, मामा जेवत न्हाईत, मग हेबी जेवत न्हाईत, मग मी दोन ताटं झाकून ठेवते. तिच्या ताटाचं ती बोलली न्हाय. मीबी कधी विचारलं नव्हतं.

सरांनी कागदावर चौकोन काढले, गोल काढला. चौकोन म्हणजे गडी, गोल म्हणजे बाई. माझ्या आन् दत्ताच्या चौकोनात रेघच न्हाय, सगळ्या रेघा सुरेखाच्या गोलावर. म्या म्हणलं, सर, चित्र बरं काढता, शाळेत मास्तर का झाला न्हाय?

"होतो. रिटायर झालो."

चौथी बैठक. आमच्याकडं सून सासऱ्यापुढं खुर्चीवर बसत न्हाय, म्हणून ती दर खेपेला दाराशी उभी. सर तिला म्हणले, तुझं घर मला उभं करून दाखव. तिनं माझी खुर्ची दाराकडं फिरवली, दत्ताची भिंतीकडं. मधी ती, एक हात माझ्या खांद्यावर, एक त्याच्या. सर म्हणले, असंच ऱ्हावा. बराच वेळ गेला. तिच्या हाताचा भार वाढत चालला ते मला सदऱ्यातनं कळत होतं. तरी मी वळलो न्हाय.

तवा सरांनी मला उठवलं, तिला माझ्या खुर्चीवर बसवलं आन् मधी मला उभं केलं. एक हात दत्ताकडं, एक तिच्याकडं. थोड्या वेळानं खांदे भरून आले. म्या म्हणलं, हात खाली घेऊ का?

"सुनंला विचारा. तिनं कधी घेतला का?"

हात खाली घेतला आन् चालता झालो. माझा अपमान झाला होता.

स्टँडवर येरमाळ्याच्या गाडीत बसल्यावर ध्यानात आलं, गोळ्यांची पिशवी सरांकडंच ऱ्हायली. दत्ता आन् सुरेखा गाडीतच थांबले, मी माघारी गेलो. दार लोटलेलं. आत सर एकटेच, मोडक्या हाताच्या खुर्चीसमोर बसलेले. ती खुर्ची मोकळी. तिच्याशी बोलत होते.

"बाळा, तुझ्या लग्नाला मी यायला पाहिजे होतं. माझ्या मनासारखं नव्हतं म्हणून आलो न्हाय. आता तुझी पोरगी शाळंत जाती म्हणं."

मग उठले आन् त्या मोकळ्या खुर्चीत जाऊन बसले, पोराच्या. म्हणजे आता पोराचं उत्तर त्यांनीच द्यायचं. लई वेळ बसले. तिथनं त्यांना एक शब्द बोलता आला न्हाय.

मी पिशवी न घेताच आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखा घरात कपडे भरत होती. मी हाटेलात गेलो. दत्ता भट्टी पेटवीत होता. म्या म्हणलं, चहा टाक, दोन कप. त्यानं मागं वळून दाराकडं बघितलं, बायको कुठं उभी हाय म्हणून.

"तिकडं काय बघतो दत्ता? तुलाच म्हणतोय," म्या म्हणलं.