मापात बसलेली मोटरसायकल

मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये! उभा जन्म कापड बेतण्यात गेला. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच त्याची कंबर, छाती आणि आपण बारीक झालोय हा त्याचा गैरसमज, तिन्ही मला कळतात. टेप लावतो ती फक्त त्याच्या समाधानासाठी. असा माणूस, तुम्हीच सांगा, एक मोटरसायकल चार बोटं खाली घ्यायला मेकॅनिककडे कशाला जाईल?

गाडी जुनी, लांबच्या प्रवासाची. मोठी टाकी, समोर काच, दोन्ही बाजूंना पेट्या, आणि उंची अशी की वर बसायचं म्हणजे कुंपण ओलांडल्यासारखं वाटतं. लग्नानंतर घेतली तेव्हापासून मी पुढे आणि बायको मागे, दर रविवारी गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जायचं, हा आमचा नेम. तळ्यावर आम्ही काही विशेष करत नाही. थर्मासमधला चहा पितो, ती पाण्याकडे बघते आणि मी लोकांच्या शर्टांचे खांदे कुठे उतरलेत ते बघतो.

यंदा तिनं मोटरसायकलचा परवाना काढला. दिवसभर पोस्टात काउंटरवर बसणारी बाई, संध्याकाळी क्लासच्या छोट्या गाडीवर शिकली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. मग एकदा जेवताना म्हणाली, "अहो, एकदा मी पुढे बसते. तुम्ही मागे बसा."

"बस की. नको कोण म्हणतंय?"

"पाय टेकत नाहीत हो. बोटांची टोकं तेवढी लागतात. थांबायची वेळ आली की गाडी कलंडेल असं वाटतं."

इतकी वर्षं माझ्या पाठीकडे बघत प्रवास केलेल्या बाईनं एवढीच गोष्ट मागितली होती. मी लगेच शब्द दिला. येत्या रविवारी तू पुढे, मी मागे, आणि तुझे दोन्ही पाय जमिनीवर! शब्द देताना मला फार बरं वाटलं होतं, हे इथेच सांगून टाकतो. पुढे तशी वेळ फारशी आली नाही.

काम तसं सोपं. मागच्या शॉकखाली दोन लोखंडी पट्ट्या असतात. त्या लांब केल्या की गाडी मागून खाली बसते. पुढचे दोन दांडे पकडीतून थोडे वर सरकवले की पुढूनही बसते. किती लांब करायच्या हा प्रश्न मेकॅनिकला पडेल, मला नाही. बायकोच्या पायाचं माप मला पाठ आहे, तिच्या सगळ्या सलवारी मीच शिवतो. गणित मांडलं आणि लेथवाल्याकडे गेलो.

लेथवाला आकडा ऐकून म्हणाला, "एवढ्या लांब?"

"एवढ्याच. मापाचं माझ्यावर सोडा."

"सोडलं," तो म्हणाला आणि मशीन सुरू केलं.

शनिवारी ती पोस्टात गेल्यावर मी अंगणात कामाला लागलो. गाडीखाली जॅक लावला, जॅकखाली फळी ठेवली आणि स्वतः आत शिरलो. पहिला बोल्ट सुटायला मागेना. त्याला तेल पाजलं, गोंजारलं, शेवटी त्याच्या घराण्याबद्दल बोललो, तेव्हा कुठे निघाला. दुसरा निघाल्यावर ठेवायला हात मोकळा नव्हता, म्हणून दातात धरला. टाचण्या दातात धरायची आमच्या धंद्याची सवय.

तेवढ्यात तळमजल्यावरचे सूचनाकाका बाहेर आले. हे नाव आम्ही ठेवलेलं. काकांना कुठलंही काम दिसलं की सूचना सुचते. त्यांनी विचारलं, "काय चाललंय?"

दातात बोल्ट असल्यामुळे मी नुसता हुंकार दिला. तो त्यांना कण्हल्यासारखा वाटला असावा. त्यांनी पुन्हा हाक मारली. मी पुन्हा हुंकारलो. मग त्यांनी थेट पोस्टात फोन केला आणि बायकोला सांगितलं, "तुमचे हे गाडीखाली आहेत. पाय तेवढे दिसतायत. बोलत नाहीयेत."

यातला एकही शब्द खोटा नव्हता!

बायको रिक्षानं आली. सोबत पोस्टमास्तर आणि त्यांच्या हातात प्रथमोपचाराची पेटी. पोस्टमास्तरांनी माझा एक पाय धरला, काकांनी दुसरा, आणि दोघांनी मला असं ओढलं की शर्ट गळ्याशी गोळा झाला. बोल्ट तोंडातून पडला. तो बघून पोस्टमास्तर म्हणाले, "अरेरे, दात गेला."

"दात नाही, बोल्ट आहे," मी म्हणालो.

बायकोचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. मी उठून बसलो तशी तीही माझ्यासमोर जमिनीवर बसली. अंगणातल्या धुळीत, ऑफिसच्या साडीत. मला फार वाईट वाटलं.

"कशासाठी हे?" तिनं विचारलं.

"उद्यासाठी. तुझे पाय टेकायला."

तिनं त्या नव्या पट्ट्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "सांगून तरी करायचं हो." आणि पदरानं माझ्या कपाळावरचं ग्रीस पुसलं. ते कपाळभर पसरलं.

पोस्टमास्तर आता आलोच आहोत तर मदत करतो म्हणाले. सगळ्यांनी मिळून पट्ट्या बसवल्या, पुढचे दांडे सरकवले, जॅक काढला. गाडी खाली बसली! मी साइडस्टँड लावला आणि सगळ्यांनी कौतुकानं चार पावलं मागे जाऊन बघितलं. गाडी खाली आली होती, स्टँड मात्र पूर्वीएवढाच लांब. त्यामुळे कलायचं सोडून ती शाळेतल्या कवायतीतल्या पोरासारखी ताठ उभी राहिली. थोडा विचार केला आणि पलीकडच्या बाजूला, काकांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पडली. काका त्या खुर्चीतून नुकतेच सूचना द्यायला उठले होते.

"स्टँड कापायला हवा," काकांनी खुर्चीचे तुकडे गोळा करत सूचना दिली.

लेथवाल्यानं कापून दिला. कापडात आम्ही शिवणीच्या आत थोडी माया ठेवतो. पुढे माप बदललं तर उसवून सोडता येते. लोखंडाला तशी सोय नाही, हे कापून झाल्यावर लक्षात आलं. पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, कारण गाडी आता बेतानं कलून उभी राहत होती.

रविवारी सकाळी ती पुढे बसली. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या, गुडघे किंचित वाकलेले. असं माप आयुष्यात चार-दोनदाच साधतं. मी काकांकडे बघितलं. काकांनीही मान डोलावली, त्यांच्याकडे सूचना उरली नव्हती.

"बसा ना मागे," ती म्हणाली.

मी थर्मास पोटाशी धरून बसलो. बसताना खालून हुश्श असा आवाज आला. तो शॉकचा होता हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, माझाच असेल. गाडी निघाली. तिची पाठ इतक्या जवळून मी कधी बघितली नव्हती. कुर्त्याचा उजवा खांदा पाव इंच उतरलेला होता, पण त्या दिवशी मला तेही बरं वाटलं.

आमचा हा प्रवास इमारतीच्या फाटकापर्यंत झाला. तिथे गतिरोधक आहे. पुढचं चाक पलीकडे उतरलं, मागचं अलीकडे राहिलं, आणि मधलं पोट गतिरोधकावर टेकलं. तिनं गाडी पुढे नेऊन बघितली, मी मागून पायांनी ढकलून बघितलं. गाडी खर्रकन घासली आणि तिथेच राहिली. मागे दूधवाला हॉर्न वाजवायला लागला.

"तुम्ही जरा उतरा बघू," ती म्हणाली.

मी उतरलो. गाडी हुश्श करून वर आली आणि अलगद पलीकडे गेली.

मी पुन्हा बसलो. बसलो तसं मागचं चाक वरच्या पत्र्याला घासायला लागलं. मी उतरलो की थांबायचं, बसलो की घासायचं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिच्या पायाचं माप घेतलं होतं, तिच्या एकटीच्या वजनावर. माझं घ्यायचं राहून गेलं. एवढं माझं पोट, रोज कटिंगच्या टेबलाला घासतं, आणि ते हिशेबातच नाही!

ती इंजिन चालू ठेवून माझ्याकडे बघत होती. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट. परत फिरायचं तर तिनं हेल्मेट काढलं असतं. तिनं काढलं नव्हतं.

"तू जाऊन ये," मी म्हणालो.

"एकटी?"

"त्यात काय? रस्ता पाठ आहे तुला."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"छे," मी म्हणालो आणि थर्मास गाडीच्या पेटीत ठेवला. वाईट वाटलंच होतं.

ती दुपारी परतली. चेहरा उन्हानं लाल आणि बोलणं थांबेना. वळणावर गाडी कशी झुकली, चौकात ट्रक आला तर ती कशी निवांत पाय टेकून उभी राहिली, चढावर कुणाला मागे टाकलं. मी ऐकत होतो. इतक्या वर्षांत तळ्यावरून आल्यावर ती एवढं कधी बोलली नव्हती. तळ्याविषयी मात्र एक शब्द नव्हता, बहुतेक थांबलीच नसावी.

तिचं संपल्यावर मी म्हणालो, "जुन्या पट्ट्या आहेत अजून. परत बसवू का? दोघांना जाता येईल. स्टँडचं बघू काहीतरी."

गाडीच्या सीटवरून तिनं हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "राहू द्या ना. अगदी मापात बसलीय हो मला."

आता हे वाक्य गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकायला मी जन्मभर राबलो. मी मान डोलावली आणि दुकान उघडायला गेलो. रविवारी माझं दुकान बंद असतं.

तेव्हापासून दर रविवारी ती तळ्यावर जाते. मी सायकलवर मागून निघतो. मी अर्ध्या वाटेवर पोचतो तेव्हा ती परत निघालेली असते. मला बघून लांबूनच हात हलवते. मला काही हलवता येत नाही. तिथे चढ आहे, दोन्ही हात लागतात.