विशूदादाच्या गाठीची सुनावणी

गाठीला नवी रक्तवाहिनी हवी असेल, तर तिला गुरुवारी सकाळी डॉ. कुमुद हर्डीकरांपुढे हजर राहून ती मागावी लागे. कुमुदताईंनी हो म्हटल्याशिवाय शरीरातली एकही वाहिनी गाठीकडे वळत नसे. संस्थेने हे काम त्यांच्याकडे सोपवल्याला बरीच वर्षं झाली होती आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. गाठींची होती, पण ती असायचीच.

सबंध गाठ काही यायची नाही. इस्पितळातून तिचा तपासणीला काढलेला तुकडा बर्फाच्या डब्यातून यायचा, आणि तुकडा हजर म्हणजे गाठ हजर असं धरायचं. प्रयोगशाळेत उबवायला ठेवलेली कोंबडीची अंडी असत. कवचाला वरून नखाएवढी खिडकी पाडायची, आतल्या पातळ पडद्यावर तुकडा बसवायचा, आणि मग त्याने काय ते बोलायचं. मंजुरी मिळाली तर पडद्यावरच्या लाल रेषा त्याच्या दिशेने सरकणार. नाही मिळाली तर तो तांदळाच्या कणीएवढाच राहणार, कारण रक्ताविना त्याहून मोठं होणं कुठल्याच गाठीला जमत नाही. गाठी रडत, भांडत, एक तर आमदारांच्या पोटातली होती, तिने ओळखी काढून पाहिल्या. कुमुदताईंनी आजवर एकीलाही दाद दिली नव्हती.

जखमांचं टेबल वेगळं होतं. ते डॉ. नफीसा कुरेशींकडे. जखमाही अशाच अंड्यांतून येत, फक्त वरून पट्टी बांधून. जखमेला रक्तवाहिन्या द्यायच्याच असतात, नाहीतर ती भरायची कशी? पंचाईत एवढीच, की जखम आणि गाठ अगदी एकाच भाषेत रक्त मागतात. शब्द तेच, काकुळतही तीच. त्यासाठी कुमुदताईंनी एक प्रश्न शोधून काढला होता. "थांबणार कधी?" एवढंच विचारायचं. जखम दिवस सांगते. गाठीला थांबणं म्हणजे काय हेच कळत नाही, ती इकडचं तिकडचं बोलत राहते. या प्रश्नाने कुमुदताईंचं नाव झालं होतं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना त्याचा थोडा तोराही होता.

एका गुरुवारी कांताबाई शेलारांनी दारातून "मिरज" असा पुकारा केला. गाठींना आत आणायचं काम कांताबाईंचं. त्यांनी अंडं टेबलावर ठेवलं, आणि कवचाच्या खिडकीतून आवाज आला, "काय टिल्ले, जेवलीस का ग?"

कुमुदताईंच्या हातातला चिमटा हातातच राहिला. या जगात त्यांना टिल्ली म्हणणारा एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ विश्वनाथ. विशूदादा मिरजेत पेट्या दुरुस्त करायचा. भाता फाटलेल्या, सूर बसलेल्या हार्मोनियमा लांबलांबून त्याच्याकडे येत. त्याच्या पोटात गाठ आहे हे वहिनींनी फोनवर सांगितलं होतं, पण ती अशी समोर येऊन विचारपूस करील असं कुमुदताईंच्या मनातही आलं नव्हतं.

नात्यातली गाठ दुसऱ्याकडे सोपवायची, असा संस्थेचा नियम होता. कुमुदताईंनी तो पाळला नाही. आपल्याइतकं ठाम 'नाही' दुसरं कोण म्हणणार? दादाचा जीव कुणा नवशिक्याच्या हातात द्यायला त्यांचं मन धजेना.

"दोनच केशवाहिन्या दे," गाठ म्हणाली. "घरच्या माणसाला एवढंही नाही?"

"नाही."

"तुझ्या वसतिगृहावर डबा घेऊन कोण यायचं ग?"

"दादा यायचा. तू तेव्हा नव्हतास."

"मी नव्हतो, पण ज्या पेशींचा मी झालो त्या होत्याच की. त्यांनीच उचलला तो डबा."

हे शास्त्राला धरून होतं. तरी कुमुदताईंनी नामंजुरी दिली आणि पुढची गाठ बोलावली. दुपारी मात्र त्यांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

गाठ दर गुरुवारी येत राहिली. ती दादासारखीच चेष्टा करायची, दादासारखीच मध्ये थांबून नाक ओढायची. दादाने कधी न सांगितलेल्या गोष्टीही ती सांगायची. टिल्ली शहरात शिकायला गेली तेव्हा एसटी सुटल्यावर दादा स्टँडामागे जाऊन हमसून हमसून रडला होता, हे कुमुदताईंना गाठीकडून कळलं. त्या ऐकून घ्यायच्या, डोळे पुसायच्या आणि नाही म्हणायच्या.

खऱ्या दादाचा फोन रविवारी यायचा.

"एकदा येऊन जा ना ग. वहिनी फणसाची भाजी करतेय."

"गुरुवार सुटत नाही रे दादा."

"बाकीचे वार असतात की आठवड्यात!"

"येते, येते," कुमुदताई म्हणायच्या, आणि जायच्या नाहीत. आता याला काय म्हणावं? दर गुरुवारी दादाशी आपलं बोलणं होतंच आहे, असं त्यांना खरोखर वाटत होतं. गाठ वाढत नव्हती. यापरतं बहिणीने भावासाठी आणखी करायचं तरी काय?

मग एका गुरुवारी मिरजेचं अंडं आलं ते वरून पट्टी बांधून. "मी जखम आहे," आतून दादाचा आवाज आला.

"थांबणार कधी?"

"पुढच्या एकादशीला. नक्की. घेतलेल्या सगळ्या वाहिन्या परत करीन."

उत्तर चोख होतं. इतकं चोख, की कुमुदताईंनी मंजुरीसाठी तोंडही उघडलं होतं. पण काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी पट्टी सोडून पाहिली. खाली गाठच होती. "काय लबाड आहेस रे!" कुमुदताई म्हणाल्या, आणि गाठ दादासारखीच ओशाळून हसली. हातून केवढा अनर्थ होता होता राहिला होता. त्या दिवसापासून पट्टीतल्या कुणावरही विश्वास ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

गाठ लहानच राहिल्यामुळे मिरजेच्या डॉक्टरांना ती पोटातून सहज काढता आली. संस्थेत पेढे वाटले गेले. दादाने फोनवर "जिंकलीस ग टिल्ले" म्हटलं, तेव्हा कुमुदताईंना आभाळ ठेंगणं झालं. येत्या रविवारी मिरजेला जायचंच, असं त्यांनी ठरवलं.

पण त्याआधी गुरुवार होता. नफीसाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या होत्या, तेव्हा जखमाही कुमुदताईंपुढेच येणार होत्या. कांताबाईंनी "मिरज" म्हणून पुकारलं आणि पट्टी बांधलेलं अंडं आणून ठेवलं.

"टिल्ले, मी पोटावरची जखम आहे."

"आज पुन्हा पट्टी?"

"पुन्हा कुठली? मी पहिल्यांदाच येतोय."

"थांबणार कधी?"

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. "ते कसं सांगू ग? मला साखर आहे. भरायला वेळ लागेल. जमेल तेवढ्या लवकर थांबतो, पण दिवस नको विचारूस."

"दिवस सांगता येत नाही?"

"नाही बाई. उगाच खोटं कशाला सांगू?"

कुमुदताईंनी पट्टी सोडलीसुद्धा नाही. लबाडी एकदा पकडलेली होती, आणि त्यांचा स्वतःचा गाजलेला प्रश्न समोर नापास झाला होता. "नामंजूर," त्या म्हणाल्या.

"बरं," जखम म्हणाली. तिने ना हट्ट केला, ना वसतिगृहाचा डबा काढला.

शनिवारी वहिनींचा फोन आला. टाके उसवत होते. जखम मुळी धरतच नव्हती, कडा पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि आत पू झाला होता. कुमुदताई गाडी करून निघाल्या. वाटेत त्यांनी संस्थेत फोन लावून मंजुरी कळवली, ओरडून कळवली, पण मंजुरी गुरुवारीच देता येते आणि शनिवारची चालत नाही. त्या पोचल्या तेव्हा इस्पितळातून दादाचा देह घरी आणून ठेवला होता.

"डॉक्टर सारखे विचारत होते," वहिनी म्हणाल्या, "जखम कधी भरेल असं वाटतं? तर हे म्हणाले, मी काय सांगू? तुम्हाला ठाऊक आहे ना त्यांचा स्वभाव. उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला कधी तारीख दिली नाही. लोक चिडायचे. पण पेटी झाली की स्वतः घरी नेऊन द्यायचे."

कुमुदताईंना ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांना जन्मभर ठाऊक असलेला भाऊ समोर येऊन त्यांच्याशी बोलला होता, आणि त्यांनी त्याला ओळखलं नव्हतं. ज्याने बेधडक तारीख सांगितली, त्याच्यात त्यांना दादा दिसला होता. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या. वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्या बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि कुमुदताईंना ते सांगायचा धीर झाला नाही.

दादाचे दिवस झाल्यावर त्या कामावर रुजू झाल्या. गुरुवारी कांताबाई दारात घुटमळल्या. "बाई, मिरजेचा पहिला तुकडा अजून आपल्याकडेच आहे. मालक गेल्यावर ठेवता येत नाही ना. भट्टीत टाकू?"

"आधी आत आणा."

अंडं टेबलावर आलं. पट्टी नव्हती. गाठ कणीएवढीच होती, आवाजही बसलेला होता.

"टिल्ले, बरेच दिवस दिसली नाहीस. दादा बरा आहे ना?"

कुमुदताईंनी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. जखम आली होती हे सांगितलं, ती काय बोलली ते सांगितलं, आणि आपण काय बोललो तेही.

गाठीने रक्त मागितलं नाही. ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी आता कुणाचा ग?"

कांताबाई डबा घेऊन उभ्या होत्या. बाहेर पाच-सहा गाठी खोळंबल्या होत्या आणि त्यातली एक आत्तापासूनच मोठ्याने रडत होती.

"माझा," कुमुदताई म्हणाल्या. "कांताबाई, मालक आहे."

त्यांनी डाव्या हातातलं घड्याळ काढून ठेवलं, बाही कोपरापर्यंत वर केली, चिमट्याने तुकडा उचलून स्वतःच्या हातावर ठेवला आणि मंजुरी दिली. मग त्यांनी गाठीला विचारलं, "जेवलास का रे?"